सायकलवर लासलगाव: कांद्याच्या उलट्या वाटेने गाव कसं बघावं

शेतीवर जगणाऱ्या छोट्या गावात 'बघण्यासारखं काय आहे?' असं विचारलं, तर गावकरी एक देऊळ दाखवतात आणि पुढच्या गावाचा रस्ता सांगतात. त्यात त्यांची चूक नाही, आपला प्रश्न चुकीचा असतो. अशा गावात पिकाचा माग काढावा. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातलं लासलगाव त्यासाठी उत्तम. कांदा इथे शेतातून चाळीत (म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर छपरात), चाळीतून बाजार समितीत, तिथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर (माल ओतून निवडायच्या जागेवर) आणि मग ट्रकने किंवा रेल्वेने बाहेर जातो. आपण सायकलवरून हीच वाट उलटी धरायची: सकाळी बाजार, दुपारी शिवार.

आधी हंगाम ठरवा

लाल कांदा दिवाळीच्या आसपास बाजारात येऊ लागतो. त्यामागून रांगडा येतो आणि मार्च-एप्रिलपासून उन्हाळ. चाळीत टिकतो तो हाच उन्हाळ कांदा. सायकलसाठी माझं मत जानेवारी-फेब्रुवारीला. बाजारात लाल आणि रांगडा असतो, शेतात उन्हाळ कांद्याची लागवड नुकतीच उरकलेली किंवा चालू असते, द्राक्षाच्या बागाही भरलेल्या असतात. फक्त हातमोजे विसरू नका. निफाडची थंडी महाराष्ट्रभर बातमीत असते. पारा फारच उतरला की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. त्या वेळी सायकलच्या मुठी उघड्या हातांनी धरवत नाहीत.

पावसाळा टाळा. इथली काळी माती ओली झाली की टायर आणि मडगार्डच्या मध्ये अशी बसते की चाक फिरायचंच थांबतं. मग सायकल खांद्यावर घेण्यावाचून इलाज नाही. एप्रिल-मेमध्ये यायचंच असेल, तर अकराच्या आत सावली गाठायची.

दिवस निवडताना आणखी एक खबरदारी. अमावास्येला लिलाव बंद ठेवायची इथली जुनी प्रथा. ती मोडायचे प्रयत्न झाले आहेत, तरी विचारूनच निघावं. मार्चअखेरीला हिशेबासाठी बाजार बंद असतात. सरकारने एखादा निर्णय घेतला तरीही लिलाव थांबू शकतात. ऑगस्ट २०२३ मध्ये कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, तेव्हा जिल्ह्यातले लिलाव बंद पडले होते. आदल्या दिवशी बाजार समितीत फोन करून 'उद्या लिलाव आहेत ना?' एवढं विचारलं की पुरे.

सायकल आणि सामान

गियरची सायकल लागत नाही. मुलूख सपाट आहे, साधी काळी सायकलही चालते. लासलगाव मुंबई-भुसावळ रेल्वेमार्गावर आहे, पण छोट्या स्टेशनावर गाडी जेमतेम थांबते. तेवढ्यात लगेज डब्यातून सायकल उतरवणं म्हणजे तारांबळच. त्यापेक्षा सायकल मनमाडला किंवा नाशिकरोडला उतरवून पुढचं अंतर चालवत यावं. मनमाड जवळ पडतं.

पंक्चरचं सामान आणि हवेचा पंप हवाच. शिवाररस्त्यावर बाभळीचे काटे असतात, बांधाकडेला सराटे असतात. टायरमध्ये काटा दिसला, तर लगेच उपटू नका. पंप आणि पॅच हाताशी असतील तिथे थांबून मगच काढा. पाणी दोन बाटल्या, डोक्याला रुमाल, आणि रात्र झालीच तर मागे लाल दिवा. या दिव्याचं महत्त्व पुढे येईल.

सकाळ: बाजार समिती

ही बाजार समिती १९४७ सालची. आशियातली सर्वात मोठी कांदा बाजारपेठ म्हणून तिचं नाव घेतात. लिलाव सुरू व्हायच्या आधीच पोहोचा. तोवर ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगा लागलेल्या असतात. सायकल फाटकाच्या आत आणून रांगांमध्ये घुसवू नका. एखाद्या चहावाल्याला सांगून त्याच्या टपरीशेजारी कुलूप लावून ठेवा आणि पुढे पायी जा.

मग व्यापाऱ्यांचा घोळका एका वाहनाकडून दुसऱ्याकडे सरकताना दिसेल. कोणी ओंजळभर कांदे उचलतो, कोणी एक दाबून बघतो, बोली चढते, पुकारा थांबतो आणि भावाची चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात पडते. एका वाहनापुढे हे सगळं मिनिटभरात उरकतं. तीन-चार महिन्यांच्या पिकाला एवढाच वेळ मिळतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे खटकतंच. घोळक्याच्या वाटेत येऊ नका, मागून चाला. चार-पाच वाहनं झाली की डोळा तयार होतो: आकार एकसारखा, रंग चांगला, वरचा पापुद्रा शाबूत, त्याला भाव वर. बारीक कांदा म्हणजे गोल्टी, तिचा भाव वेगळा.

बोलायचं असेल तर लिलाव झालेल्या शेतकऱ्याशी बोला, रांगेत थांबलेल्याशी नको, त्याचं सगळं लक्ष पुढे असतं. 'राम राम काका, कुठला माल?' इथून सुरुवात करावी. भाव पुकाऱ्यातच कळलेला असतो, तो पुन्हा विचारून हळहळ करू नये. हळहळ करणारे त्यांना रोज भेटतात.

त्यानंतर एका ट्रॅक्टरच्या मागे चला. भरलेलं वाहन भुईकाट्यावर जातं, वजन होतं, मग खळ्यावर माल ओतला जातो आणि रिकामं वाहन पुन्हा काट्यावर येतं. खळ्यावर ढिगाखालून हलका माल निघाला, तर 'वांधा' होतो आणि भाव कमी करण्यावरून घासाघीस चालते. इथेच बायकांच्या टोळ्या कांदा निवडत, प्रतवारी करत बसलेल्या असतात. फोटो काढण्याआधी 'मावशी, काढू का?' एवढं विचाराच. नाही म्हणाल्या, तर मोबाइल खिशात.

गावात तासभर

होळकरांच्या काळातला किल्ला बाहेरून बघून घ्या. पडझड बरीच आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' नावाचं विकिरण केंद्रही लासलगावातच आहे. ते २००२ मध्ये सुरू झालं. गॅमा किरणांचा मारा केला की साठवलेल्या कांद्याला कोंब फुटत नाहीत. पण या केंद्राचं नाव गाजलं ते आंब्यामुळे. २००७ मध्ये कोकणातला हापूस अमेरिकेला निघाला, तो विकिरणासाठी या कांद्याच्या गावात येऊन. परवानगीशिवाय आत सोडत नाहीत, तेव्हा फाटकापाशी रेंगाळू नका.

दुपार: शिवार

आता विंचूरच्या दिशेने निघा. अंतर सहा-सात किलोमीटर. विंचूर ही पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांची जहागीर. ते १७६१ मध्ये पानिपतच्या लढाईत होते. विंचूरपाशी नाशिक-छत्रपती संभाजीनगर मोठा रस्ता लागतो, तो ओलांडताना सायकलवरून उतरा.

मोठ्या रस्त्याने मात्र जाऊ नका. वस्त्यांकडे वळणारे डांबरी फाटे धरा. चाळी तिथेच दिसतील: जमिनीपासून उचललेल्या, बाजूंना फटी ठेवलेल्या, वर पत्रा किंवा उसाचं पाचट. खालून आणि बाजूने वारा खेळला, तर उन्हाळ कांदा चार-सहा महिने निघतो, नाहीतर सडतो. चाळ सडायला लागली की आधी वासानेच कळतं.

शेतात बायका ओणव्या होऊन वाफ्यात रोपं लावताना दिसतील. काढणीच्या दिवसांत कांद्याची पोळ, म्हणजे रास, लावलेली असते, वर पातीचंच पांघरूण. फेब्रुवारीत कुठे पांढरी गोंडेदार फुलं हलताना दिसली, तर ते बियाण्यासाठी राखलेले डेंगळे. तिथे मधमाशा असतात, सायकल लांब ठेवा.

द्राक्षबागेत न विचारता पाऊल टाकू नका. मळक्या बुटांबरोबर रोग येतो, ही बागायतदाराची भीती रास्त आहे. ट्रॅक्टरचा ब्लोअर चालू दिसला, तर वाऱ्याची दिशा बघून थांबा. फवारणी संपू द्या.

दुसरा दिवस हाताशी असेल, तर पहाटे नांदूर मध्यमेश्वर गाठा. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचा हा जलाशय. २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेलं महाराष्ट्रातलं हे पहिलं ठिकाण. हिवाळ्यात चक्रवाक आणि इतर पाहुणी बदकं भरपूर.

परतताना

अंधार पडायच्या आत मुक्कामी या. गाळप हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. मागे दिवा असतोच असं नाही आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. अशी ट्रॉली ओलांडायच्या फंदात पडू नका, आणि तुमचा लाल दिवा लावलेला असू द्या.

घरी कांदा न्यायचा असेल, तर बाजारातून नको, चाळीवरून मागा. मान बारीक आणि सुकलेली, पापुद्रा खडखडीत, बुडाशी ओल नाही असाच निवडा. पाच किलोची जाळीची पिशवी कॅरिअरवर आडवी टाकून जुन्या ट्यूबने करकचून बांधा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलात, तर घरी पोहोचेपर्यंत त्याला घाम सुटेल.