क्रॉनला फाईलच सापडेना (माझा अनुभव)

आमच्याकडे रत्नागिरीत हापूसचा सीझन चालू झाला की काकांच्या पेट्यांचा हिशोब माझ्याच गळ्यात, म्हणून पायथनची छोटी स्क्रिप्ट केली, ऑर्डरची सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) वाचायची आणि रोज पहाटे 5 ला यादी काढायची. हाताने चालवली की मस्त. क्रॉनला (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवतो तो) लावली की फाईल नॉट फाउंड. फाईल तर समोर दिसतेय राव!

दोन दिवस परमिशन बघत बसलो, उगाच. शेवटी गेटसीडब्ल्यूडी (प्रोग्राम आत्ता कुठल्या फोल्डरमध्ये उभा आहे, म्हणजे करंट डिरेक्टरी, ते सांगतं) प्रिंट केलं तेव्हा कळलं, क्रॉन माझ्या होम फोल्डरमध्ये उभा राहून शोधतोय. फाईल उघडणाऱ्या ओपनला नुसतं नाव दिलं की पाथ (फाईलचा पत्ता) रिलेटिव्ह, म्हणजे अर्धवट, आणि तो मोजतात करंट डिरेक्टरीपासून, स्क्रिप्ट ठेवलीय तिथून नाही. म्हणजे "घाटी उतरलास की डावीकडचं घर" सांगितलं, पण ऐकणारा बंदरावर उभा असेल तर समुद्रातच जाणार ना तो.

मग शहाणपणा करून एबीएसपाथ लावलं, ते पूर्ण पत्ता बनवून देतं. तेही फसलं, कारण ते नावाआधी करंट डिरेक्टरीच चिकटवतं, चुकीचा पत्ता फक्त पूर्ण झाला. चाललं ते पाथलिबने (पायथनचं पाथ हाताळायचं मॉड्यूल), स्क्रिप्टच्या स्वतःच्या __फाईल__ वरून (त्यात तिचाच पाथ असतो) रिझॉल्व्ह म्हणजे पूर्ण पत्ता, मग पेरेंट म्हणजे ती ज्यात आहे तो फोल्डर, त्याला सीएसव्हीचं नाव जोडलं. जोडताना सवयीने नावाआधी स्लॅश दिलेला, तर त्याने डावीकडचा अख्खा पाथच टाकून दिला, स्लॅशने सुरू झालं की त्याच्या लेखी ॲब्सोल्यूट, म्हणजे आधीच पूर्ण पत्ता. स्लॅश काढला.

सकाळी काका म्हणाले, यादी आली रे, पण 12 पेट्या जास्त दाखवतेय. ते आता बघतोय.