विंडोज १० सोडताना या चुका टाळा

मामांचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. "अरे, कॉम्प्युटर नव्यासारखा झालाय, पण माझं शिवार कुठे गेलं?"

'शिवार' हे त्यांच्या कॉम्प्युटरवरच्या एका फोल्डरचं नाव. गावातल्या कोणत्या शेताला, बांधाला, ओढ्याला जुनी माणसं काय म्हणायची आणि ते नाव कशावरून पडलं, याच्या नोंदी मामा निवृत्तीनंतर सहा वर्षं टाइप करत होते. विंडोज १० चा सपोर्ट संपल्याचा इशारा रोज स्क्रीनवर यायला लागला, म्हणून त्यांनी तालुक्याला जाऊन एका दुकानात मशीन दिलं. दुकानदाराने विचारलं, "बॅकअप आहे ना काका?" मामा म्हणाले, "हो, सगळं डी ड्राइव्हला आहे." संध्याकाळी मशीन विंडोज ११ होऊन घरी आलं. डी ड्राइव्हच उरला नव्हता.

दुकानदाराने मुद्दाम काही केलं नव्हतं, आणि मामांनीही त्यांच्या समजुतीप्रमाणे खरंच सांगितलं होतं. तरी सहा वर्षांचं काम गेलं. म्हणून या लेखात 'अपडेट करावं की नाही' याआधी मी डी ड्राइव्हबद्दल बोलणार आहे.

डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नाही

आपल्याकडे कॉम्प्युटर विकत घेतला की दुकानात एकाच हार्ड डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देतात. 'विंडोज सी-ला, आपलं सामान डी-ला, सी फॉरमॅट मारला तरी डी सुरक्षित,' हे आपण वीस-पंचवीस वर्षं ऐकत आलो. एक्सपी आणि विंडोज ७ च्या काळात ते बऱ्यापैकी खरंही होतं. विंडोज ११ च्या बाबतीत मात्र हीच सवय घात करते.

कारण असं. डिस्कचे भाग नोंदवायच्या दोन पद्धती आहेत, जुनी एमबीआर आणि नवी जीपीटी. जुन्या मशीनमधली डिस्क बहुतेक वेळा एमबीआर पद्धतीने विभागलेली असते. विंडोज ११ ला अधिकृतपणे युईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होणारं मशीन लागतं, आणि त्यासाठी डिस्क जीपीटी पद्धतीची हवी. पेनड्राइव्हवरून विंडोज ११ टाकायला गेलं की 'या डिस्कवर विंडोज टाकता येणार नाही, डिस्क एमबीआर आहे' असा संदेश येतो. त्यावरचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे सगळे भाग डिलीट करायचे आणि रिकाम्या डिस्कवर विंडोज टाकायचं. घाईत असलेला माणूस तेच करतो. सी, डी, ई एका झटक्यात जातात.

डेटा न घालवता डिस्कची पद्धत बदलायचं साधन विंडोजमध्येच आहे. 'एमबीआर टू जीपीटी' असं त्याचं नाव. पण त्याच्या अटी आहेत: डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी भाग हवेत आणि एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल भाग अजिबात नको. दुकानात पाडलेले डी आणि ई बहुधा लॉजिकलच असतात, त्यामुळे आपल्या मशीनवर हे साधन तपासणीतच नकार देतं. नकार मिळाला तर जबरदस्ती करू नका. डी, ई मधलं सगळं बाहेरच्या डिस्कवर न्या आणि मगच पुढे जा.

बॅकअप म्हणजे कॉम्प्युटरची वायर काढून कपाटात ठेवता येईल अशी वेगळी डिस्क. कॉपी झाल्यावर ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाच-दहा फाइली उघडून बघा. वनड्राइव्हवर फुकटात फक्त ५ जीबी मिळतात, घरच्या फोटोंना ते पुरत नाहीत. डेस्कटॉप, डाउनलोड्स, ब्राउझरमधले पासवर्ड आणि ईमेल प्रोग्रॅमच्या फाइली सी-वर असतात, त्याही विसरू नका.

आणि मामांसारखं झालंच, तर मशीन ताबडतोब बंद करा. त्यावर काहीही नवं टाकू नका. जुनी हार्ड डिस्क असेल तर टेस्टडिस्कसारख्या मोफत साधनाने हरवलेला भाग सापडू शकतो. मामांच्या अर्ध्याहून थोड्या जास्त फाइली आम्हाला अशा मिळाल्या. एसएसडी (फिरते भाग नसलेली नवी डिस्क) असेल तर पुसलेल्या जागा ती स्वतःच मोकळ्या करत जाते, मग आशा फार थोडी उरते.

घाबरून निर्णय घेणे, किंवा घेणेच टाळणे

विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला आणि त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्या दिवसानंतर कॉम्प्युटर बंद पडलेला नाही, पडणारही नाही. थांबलं ते दर महिन्याला येणारं सुरक्षेचं ठिगळ. त्यामुळे 'उद्याच्या उद्या करून टाका' म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

पण 'माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहेच काय चोरण्यासारखं' म्हणून वर्षानुवर्षं तसंच वापरणंही धोक्याचं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं व्हायरस पसरलं, तेव्हा ज्या भोकातून ते शिरत होतं ते बुजवणारं अपडेट मार्च महिन्यातच आलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं, ते सापडले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या हे दुसरं व्हायरस आलं. त्याच्या पसरण्याच्या वाटांपैकी एक वाट तीच होती, आणि त्या हल्ल्यात आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. कॉम्प्युटरवर नेट बँकिंग, आयकर किंवा एखाद्या पतसंस्थेचे हिशेब असतील तर अपडेट थांबलेलं मशीन नेटला जोडून ठेवणं मला पटत नाही.

वेळ हवा असेल तर तो रीतसर मागून घेता येतो. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली आहेत. विंडोज १० ची आवृत्ती २२एच२ हवी आणि मायक्रोसॉफ्ट खातं हवं. सेटिंग्ज क्लाउडवर सिंक केल्या तर ही सोय पैसे न देता मिळते. नाहीतर मायक्रोसॉफ्टचे १,००० रिवॉर्ड्स पॉइंट किंवा ३० डॉलर. एका खात्यावर दहा मशीनपर्यंत चालतं. विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीचा दुवा दिसतो. ज्यांचं मशीन जुनं आहे आणि नवं घ्यायला थोडे महिने लागणार आहेत, त्यांनी आधी एवढं करावं, हे माझं स्पष्ट मत.

'होणार नाही' हे न तपासताच मानणे

मशीन विंडोज ११ ला चालेल का हे तपासणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या पीसी हेल्थ चेकने 'चालणार नाही' म्हटलं की लोक नवा कॉम्प्युटर घ्यायला निघतात. तो नकार कशामुळे आला ते आधी वाचा.

टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) नाही असं म्हणत असेल, तर बऱ्याचदा ते मशीनमध्ये असतं, नुसतं बंद असतं. खास करून असेंबल केलेल्या डेस्कटॉपमध्ये. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजआधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, इंटेलच्या बोर्डवर ते पीटीटी नावाने सापडतं आणि एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम नावाने. चालू करायचं, सेव्ह करायचं, परत तपासायचं.

प्रोसेसरचा नकार मात्र खरा असतो. इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढचे आणि एएमडीमध्ये रायझन २००० मालिकेपासून पुढचे बहुतेक प्रोसेसर यादीत आहेत. पिढी नंबरवरूनच कळते: आय५-८२५०यू म्हणजे आठवी, आय५-७२००यू म्हणजे सातवी, आय५-१०२१०यू म्हणजे दहावी. जुना लॅपटॉप विकत घेणाऱ्यांनी तर हा आकडा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. 'आय७ आहे' एवढ्यावर भुलून लोक तिसऱ्या पिढीचं मशीन घेऊन येतात.

अटी चुकवून विंडोज ११ बसवायच्या युक्त्या आहेत आणि त्या चालतातही. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दर वर्षीची मोठी आवृत्ती आपली आपण टाकावी लागते. कोअर टू ड्युओच्या काळातल्या मशीनवर तर २४एच२ या आवृत्तीपासून पुढचं विंडोज ११ सुरूच होत नाही. सरावासाठी ठेवलेल्या मशीनवर हे करून बघायला हरकत नाही. वडिलांच्या किंवा दुकानाच्या मशीनवर करू नका, कारण पुढच्या वर्षी ते अडलं की तुम्हालाच गावी जावं लागेल.

बायोसमध्ये लेगसी (सुरू व्हायची जुनी पद्धत) बदलून युईएफआय केलं आणि कॉम्प्युटर सुरूच होईना, असा घाबरलेला फोन मला महिन्यातून एकदा तरी येतो. काही बिघडलेलं नसतं. डिस्क अजून एमबीआर आहे. सेटिंग होती तशी लेगसी करा, जुनं विंडोज मुकाट्याने उघडेल.

४ जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क, कागदावर विंडोज ११ ला चालते. प्रत्यक्षात माणूस वैतागतो. आधी एसएसडी आणि निदान ८ जीबी रॅम, मग विंडोज. खर्च करायचाच तर इथे करा.

जुने प्रोग्रॅम आणि जुने फॉन्ट

फार थोडे लोक याचा आधी विचार करतात, आणि आपल्याकडे नुकसान इथेच जास्त होतं.

विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. ६४ बिट विंडोजवर १६ बिट प्रोग्रॅम चालत नाहीत. म्हणजे डॉसच्या काळात फॉक्सप्रोमध्ये लिहून घेतलेला बिलाचा किंवा भिशीचा प्रोग्रॅम, जो आजवर ३२ बिट विंडोज १० वर निमूट चालत होता, तो उघडणारच नाही. शिवाय ३२ बिटवरून ११ वर थेट अपग्रेडही होत नाही, सगळं नव्याने टाकावं लागतं. असा प्रोग्रॅम रोजच्या वापरात असेल तर ते मशीन आहे तसंच ठेवा, त्याची नेटची केबल काढा आणि नेटच्या कामाला दुसरं मशीन वापरा. दरम्यान जुना डेटा नव्या प्रोग्रॅममध्ये न्यायचं काम सुरू करा. जुन्या प्रिंटर आणि स्कॅनरचंही तसंच: ड्रायव्हर फक्त ३२ बिट असेल तर यंत्र धडधाकट असूनही चालणार नाही.

टॅली असेल तर फॉरमॅटआधी लायसन्स सरेंडर करा आणि डेटाचं फोल्डर नक्की कुठे आहे ते पाहून घ्या. डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर सही टोकनमध्येच राहते, पण त्याचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागतो. टेंडर भरायच्या आदल्या दिवशी अपग्रेडला हात घालू नका.

आता मराठीचं. युनिकोड (कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसावं अशी अक्षरांची समान पद्धत) येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली तो फॉन्ट नसेल तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दाखवतात. मामांच्या परत मिळालेल्या फाइली उघडल्यावर आम्हाला हेच दिसलं. फॉन्ट सी-वर होता आणि सी कधीच पुसला गेला होता. नशिबाने त्यांच्या एका मित्राकडे तोच फॉन्ट निघाला. तेव्हा विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले मराठी फॉन्ट आधी वेगळे काढून ठेवा. ज्या मराठी सॉफ्टवेअरचा परवाना यूएसबी लॉकवर चालतो, त्याचा ११ वरचा ड्रायव्हर मिळतो का हे बनवणाऱ्यांना फोन करून विचारा.

गुगल इनपुट टूल्सचा विंडोजवर ऑफलाइन चालणारा प्रोग्रॅम गुगलने केव्हाच काढून घेतला आहे. जुन्या मशीनवर तो असतो म्हणून चालतो. फॉरमॅटनंतर लोक भलत्याच साइटवरून त्याची फाइल उतरवतात आणि सोबत नको ते घेऊन येतात. गरजच नाही. विंडोजमध्ये भाषा म्हणून मराठी घेतली की कीबोर्डच्या यादीत इनस्क्रिप्टबरोबर मराठी फोनेटिकही मिळतो. 'namaskar' लिहायच्या कळा दाबल्या की 'नमस्कार' उमटतं.

प्रत्यक्ष करताना

शक्य असेल तिथे विंडोज अपडेटमधूनच अपग्रेड घ्या, म्हणजे फाइली आणि प्रोग्रॅम जागेवर राहतात. मूळ विंडोज १० अस्सल असेल तर यासाठी पैसे लागत नाहीत. 'ॲक्टिव्हेट करून देतो' म्हणून पेनड्राइव्हवरून काही चालवणाऱ्याला थांबवा. आयएसओ फाइल (विंडोज टाकायची पूर्ण प्रत असलेली फाइल) वापरणार असाल तर तिची भाषा बघा. मशीनवर इंग्लिश युनायटेड स्टेट्स आणि आयएसओ इंग्लिश इंटरनॅशनल असेल, तर 'फाइली आणि ॲप्स ठेवा' हा पर्याय मिळत नाही. तो पर्याय मिळाला नाही तर तिथेच थांबा.

बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला लागलेलं विंडोजचं कुलूप, चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी ते तात्पुरतं थांबवा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ज्या ईमेलचा पासवर्डच आठवत नाही अशा खात्यात ती असेल, तर डेटा डोळ्यांसमोर असून हाती लागत नाही. २४एच२ नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलं, तर हे कुलूप बहुतेक मशीनवर आपोआप लागतं, हेही ध्यानात असू द्या.

लॅपटॉप चार्जरवर आणि डेस्कटॉप यूपीएसवर हवा. वीज कधी जाते ते तुम्हाला ठाऊक असतं, त्याप्रमाणे वेळ निवडा. टक्केवारी एका आकड्यावर तासभर अडली तरी बटण दाबू नका. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर काम चालू आहे.

अपग्रेड अर्ध्यातून मागे फिरलं तर कोड लिहून घ्या. त्यात सी१९००१०१ असेल तर बहुधा एखादा ड्रायव्हर आडवा आलाय: प्रिंटर, डोंगल, जादाच्या डिस्क काढा, बाहेरचा अँटिव्हायरस अनइन्स्टॉल करा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा घ्या आणि पुन्हा करा. त्यात ८००७००७० असेल तर सी-वर जागा नाही.

अपग्रेड झाल्यावर जुनं विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरमध्ये दहा दिवस राहतं आणि सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून मागे जाता येतं. फोल्डर मोठं दिसतं म्हणून पहिल्याच दिवशी ते साफ करून टाकू नका. त्या दहा दिवसांत प्रत्येक काम एकदा करून बघा: एक प्रिंट, एक स्कॅन, एक डिजिटल सही, टॅलीतलं एक बिल, आणि सगळ्यात जुनी मराठी फाइल.