जुन्या मुंबईचा फोटो हवाय? तारीख स्वतः काढायला शिका

दिवाळी अंक असो की संस्थेची स्मरणिका, जुन्या मुंबईचा एखादा फोटो लागतोच. मग कोणीतरी इंटरनेटवर पहिला दिसेल तो उचलतं, खाली 'मुंबई, १८८०' लिहिलेलं असतं, तेही जसंच्या तसं छापतं. अशी चित्रं शोधून द्यायचं काम मी वीसेक वर्षं करते आहे. फोटो सापडणं ही त्यातली सगळ्यात सोपी गोष्ट.

सुरुवात मोठ्या चित्रसंग्रहांपासून करा. लंडनच्या वेलकम कलेक्शनकडे १८९६-९७च्या मुंबईतल्या प्लेगचा, कॅप्टन मॉस यांच्या नावावर असलेला अल्बम आहे. १८६०च्या आसपासचे, फोटोग्राफर विल्यम जॉन्सनने काढलेले फोटो टेक्सासच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या डीगॉलियर ग्रंथालयात आहेत. ब्रिटिश लायब्ररीचा साठा अफाट, पण ऑक्टोबर २०२३च्या सायबर हल्ल्यात त्यांच्या ऑनलाइन सेवा कोलमडल्या. जुन्या लेखांतली त्यांची एखादी लिंक उघडली नाही तर चूक तुमची नाही. १९६४ साली सुरू झालेली मेरी एव्हान्स पिक्चर लायब्ररी व्यावसायिक आहे, पैसे पडतात, पण 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या जुन्या साप्ताहिकाची चित्रं तिथे मिळतात. ठोकळ्यावर कोरून छापलेली ती चित्रं दिसायला सुंदर असली तरी कोरणारा बसायचा लंडनमध्ये, त्यामुळे त्यातला प्रत्येक खांब मोजत बसू नका.

संग्रहांची 'नव्याने दाखल' ही पानं मी आधी बघते. तिथले फोटो अजून कोणी वापरून वापरून झिजवलेले नसतात. मात्र तिथे फोटोखाली दिलेल्या माहितीच्या ओळी सगळ्यात कच्च्या. अल्बमच्या मालकाने, नाहीतर त्याच्या नातवाने, मागे पेन्सिलीने जे खरडलं तेच बहुतेक वेळा तारीख म्हणून चढवलेलं असतं.

शोधताना इंग्रजांचं स्पेलिंग वापरा, नाहीतर हाती काही लागणार नाही. ठाण्याला 'टॅना', वसईला 'बसीन', घारापुरीला 'एलिफंटा', पुण्याला 'पूना' टाका. महाबळेश्वरसाठी 'माल्कमपेठ'सुद्धा. एवढं पुरे.

आता तारीख. इथे मी स्वतः तोंडावर आपटले आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दोन टोकं शोधायची असतात. फोटोत जे दिसतं ते 'याच्या आधीचा नाही' हे सांगतं, आणि जे असायला हवं पण दिसत नाही ते 'याच्या नंतरचा नाही' हे सांगतं. मुंबईचं नशीब असं की तिच्या इमारतींच्या तारखा पक्क्या आहेत. राजाबाई टॉवर १८७८ला पुरा झाला. त्याला परांची बांधलेली दिसली तर फोटो १८७०च्या दशकातला. व्हीटीचं (आजच्या सीएसएमटी स्थानकाचं) काम १८७८ला सुरू होऊन १८८८ला संपलं, समोरची महापालिका १८९३ला. ताजमहाल हॉटेल १९०३चं आणि गेटवे १९२४चं, म्हणजे अपोलो बंदरावर ताज आहे आणि गेटवेच्या जागी काहीच नाही, तर मधली वीस वर्षं तुमच्या हातात आली. काळ्या घोड्यावर सातवा एडवर्ड बसलेला दिसला तर १८७९ ते १९६५. त्यानंतर तो राणीच्या बागेत गेला. हल्ली काळा घोडा चौकात उभा आहे तो बिनस्वाराचा घोडा २०१७चा, त्यावरून कोणी तारीख काढणार नाही अशी आशा आहे.

रस्त्यावर ट्राम असली तर आणखी बरं. घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ला धावली, विजेची ७ मे १९०७ला, दुमजली १९२०ला, आणि ३१ मार्च १९६४ला सगळं बंद.

हे सगळं मला पाठ होतं, तरी फसले. एका संग्रहाकडून (नाव घेत नाही) ट्राम असलेल्या रस्त्याचं, रंगवलेलं एक पोस्टकार्ड मिळालं. ओळीत '१८९०च्या सुमारास' असं होतं. मी भिंग घेऊन पाहिलं, डोक्यावर तारा कुठेच नव्हत्या. म्हटलं, विजेच्या ट्रामच्या आधीचंच असणार, आणि दिलं छापायला. महिन्याभरात गिरगावच्या एका आजोबांचं पत्र आलं, एकाच ओळीचं: 'बाई, तुमच्या फोटोतल्या ट्रामला ना तार, ना घोडा. मग ती चालते कशावर?'

रंग भरणाऱ्याने आकाश स्वच्छ दिसावं म्हणून तारा पुसून टाकल्या होत्या. पुढे त्याच काचेवरून (तेव्हा निगेटिव्ह काचेची असे) काढलेली साधी प्रत मिळाली, तिच्यात तारा ठळक होत्या.

तेव्हापासून माझा नियम असा की 'आहे' यावर विश्वास ठेवायचा, 'नाही' यावर सहसा नाही. इमारत नाही असं म्हणायचं तर तिची जागा चौकटीत पूर्ण दिसली पाहिजे. तारा, खांब, गर्दी, ढग या गोष्टी तर स्टुडिओवाले हवं तसं घालत आणि काढत. जॉन्सनने स्टुडिओत माणसांचे फोटो काढून ती माणसं दुसऱ्याच काचेवरच्या देखाव्यासमोर उभी केली. त्यामुळे त्याच्या फोटोत मागे देऊळ दिसलं म्हणून ती मंडळी त्या देवळासमोर उभी होती असं लिहू नका.

दुसरा सापळा पोस्टाच्या शिक्क्याचा. शिक्का १९१०चा असला तर फोटो १९१०च्या नंतरचा नाही, एवढंच सिद्ध होतं. एकाच काचेवरून पंचवीस-पंचवीस वर्षं कार्डं छापली जात. शिक्क्यावरून बेधडक साल सांगणाऱ्यांपासून लांब राहा. तेच 'कपड्यांवरून ओळखतो' म्हणणाऱ्यांचं. पगडी घालणारे आजोबा आणि टोपी घालणारा नातू एकाच रस्त्यावरून चालत होते.

तिसरा सापळा उलट्या फोटोचा. काच पालथी स्कॅन झाली की डावीकडचं उजवीकडे जातं. दुकानाची पाटी वाचता आली तर उत्तमच. पाटी नसेल तर आजच्या नकाशाशी ताडून पाहा, एखादा मनोरा चुकीच्या हाताला आला की लगेच कळतं. हे न तपासता छापलेली पुस्तकं मी बघितली आहेत, चांगली जाड पुस्तकं.

एवढं करूनही नेमकं साल मिळालं नाही तर 'सुमारे १९०७-१९२४' असं लिहा. त्यात लाज नाही. 'सुमारे १९१२' असं उगाच ठामपणे लिहिणं मात्र लाजिरवाणं.

उरलेलं सोपं आहे. छपाईसाठी टिफ फाइल मागा, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), ज्या आकारात छापणार त्याच आकाराची. स्वामित्वहक्क संपला असला तरी संग्रह स्कॅनचे पैसे घेऊ शकतो. दर प्रतींच्या संख्येवर आणि आकारावर ठरतो, तेव्हा अंक किती छापणार ते खरं सांगा. श्रेयाची ओळ ते देतील तशीच छापा.

आणि त्यांची तारीख चुकीची ठरली तर संग्रहाला पुराव्यासकट दोन ओळी लिहा. माझ्या त्या ट्रामचा तपशील त्यांनी आठ महिन्यांनी बदलला, आता तिथे '१९०७ नंतर' असं आहे.