गेंद ओळखताना तिसरं संदल शोधा

सप्टेंबरमध्ये रत्नागिरी-देवगडकडच्या सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, गेंदाचे पांढरे गोंडे दिसले की लोक फोटो काढतात, जातीचं नाव टाकतात आणि मोकळे होतात. नाव बहुतेकदा चुकतं. गेंद म्हणजे एरिओकॉलॉन ही वनस्पतींची प्रजाती, आणि तिच्या कित्येक जाती वरून सारख्याच दिसतात. उंचीवर तर जाऊच नका, एकच जात कातळावरच्या पातळ मातीत बोटभर आणि शेजारच्या डबक्यात वीतभर होते.

हातभर जागेत दोन-तीन जाती मिसळून उगवतात, म्हणून प्रत्येक रोप मुळासकट वेगळ्या पाकिटात घ्या. चार-पाच रोपं पुरेत. सड्याला मालक असतो, त्याला आधी विचारा. गोंडा तळहातावर चोळल्यावर बी पडलं नाही तर तो अजून कच्चा आहे. परागकोश काळे की फिके, हे ताज्या फुलात बघून तिथल्या तिथे लिहा.

आता खरी मेख. गोंडा हे एक फूल नसून बारीक फुलांचा गुच्छ आहे. तो पाच मिनिटं कोमट पाण्यात भिजवा. इन्सुलिनच्या दोन सुयांनी मधल्या वर्तुळातलं मादी फूल काढा. बाहेरची झडलेली असतात, केंद्राजवळची कच्ची. ओळखतक्ता, म्हणजे एकेका प्रश्नाने जातीपर्यंत नेणारी यादी, विचारतो: संदलं (पाकळ्यांच्या बाहेरची दलं) दोन की तीन? बऱ्याच जातींत तिसरं संदल धाग्यासारखं बारीक असतं. फूल उपटलं की ते तुटून मागे राहतं, किंवा पुष्पासनावरचा (फुलं ज्यावर बसतात त्या गोंड्याच्या तळावरचा) केस म्हणून सोडून दिलं जातं. तुम्ही 'दोन' लिहिता आणि पुढचा अख्खा रस्ता चुकतो. म्हणून उपटू नका, पुष्पासनाच्या कपच्यासकट फूल खालून कापा आणि धाग्याचा तळ बघा. तळ फुलाला चिकटलेला असेल तर संदल, पुष्पासनाला असेल तर केस. निदान दहा फुलं मोजा, तीही दोन रोपांवरची.

पहिले काही दिवस डोळ्यांना धार लागते, निम्मी फुलं सुईखालून उडतात. सगळ्यांचीच उडतात. पंधराव्या गोंड्यापर्यंत हात बसतो.

मग बी: सूक्ष्मदर्शकाच्या चाळीस पटीखाली त्याच्या सालीवरची नक्षी. दहा पटीच्या खिशातल्या भिंगाने ती दिसत नाही, उगाच ताणू नका. मोबाइल ॲप 'हा गेंद आहे' इथवर आणून सोडतं, जात सांगत नाही. आणि 'फोटो पाठव, सांगतो' म्हणणाऱ्या सरांपेक्षा हातात सुई देणारे सर बरे.

कोकणच्या दमटपणात वर्तमानपत्रात दाबून वाळत ठेवलेल्या नमुन्यांना दोन दिवसांत बुरशी येते. पहिले तीन दिवस वर्तमानपत्र सकाळ-संध्याकाळ बदला. दोन-तीन गोंडे सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. कुपीतली चिठ्ठी पेन्सिलनेच लिहा, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.