पाणी स्वच्छ आहे, तरी भुंगेरा का नाही? या चुका टाळा

युरोपात डायटिस्कस लॅटिसिमस नावाचा एक पाणभुंगेरा आहे. लांबी 36 ते 44 मिलिमीटर, पाठीच्या कडा बाहेर पसरलेल्या. 1996 पासून आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो धोक्यातला आहे आणि युरोपीय संघाच्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. लॅटव्हियात दौगवपिल्सच्या प्राणिसंग्रहालयात त्याची पैदासही केली जाते. तरीही त्याच्यासाठी झटणाऱ्यांच्या हातून काही चुका होतात, आणि बहुतेक चुकांचं मूळ एकच: लक्ष फक्त पाण्याकडे असतं.

अळ्या मरत असतील तर आधी खाणं तपासा. प्रौढ भुंगेरा मेलेला मासाही खातो, म्हणून अळीलाही काहीही चालेल असं वाटतं. तसं नाही. तिला कॅडिस माशी या कीटकाच्या पाण्यात वाढणाऱ्या अळ्या लागतात, त्याही पानांच्या नाहीतर वाळूच्या कणांच्या नळीत राहणाऱ्या. तळ्यात त्या नसतील तर भुंगेरे आणून सोडण्यात अर्थ नाही. पैदास करताना अळ्या एकत्र ठेवू नका, त्या एकमेकींना खातात.

दुसरी चूक मला जास्त खुपते, कारण ती चांगल्या हेतूने होते: तळं ‘साफ’ करणं. मादी पाणवनस्पतींच्या देठाला चीर पाडून आत अंडी घालते. वसंतात काठचं लव्हाळं कापलं की अंडी त्याच्यासोबत गेली. पूर्ण वाढलेली अळी पाण्याबाहेर येते आणि काठच्या ओल्या मातीत पोकळी करून कोषात जाते. तिथे दगडी पिचिंग केलं, म्हणजे काठाला दगड बसवले, किंवा गुरांनी काठ तुडवला, तर पाणी कितीही नितळ असलं तरी पुढची पिढी होत नाही. गाळ काढायचाच असेल तर एकेक भाग वेगवेगळ्या वर्षी काढा. उथळ, उन्हातला काठ तसाच राहू द्या.

मासे सोडू नका. मासेमारीसाठी सोडलेले कार्प गाळ ढवळतात आणि पाणवनस्पती उखडतात. हे आपल्याकडेही लागू आहे: डासांसाठी गप्पी सोडायचे तर बंद टाक्यांत आणि हौदांत सोडा, नैसर्गिक डबक्यांत नको. तिथे डासांच्या अळ्या खाणारे देशी पाणभुंगेरे आधीच असतात, आणि गप्पी त्यांच्या लहान अळ्याही गिळतात.

गणतीसाठी बाटलीचा सापळा लावताय? परवानगी घ्या. मग बाटली पूर्ण बुडवू नका. हा कीटक वर येऊन हवा घेतो, कठीण पंखांखाली साठवतो आणि मग खाली जातो. हवा न ठेवता रात्रभर बुडवलेल्या सापळ्यात तो गुदमरून मरतो. वर हवेची जागा ठेवा, सकाळी लवकर उघडा. सापळा रिकामा निघाला तर लगेच ‘इथे नाही’ असं लिहू नका. वेगवेगळ्या ऋतूंत, तळ्याच्या वेगवेगळ्या बाजूंना पुन्हा लावून बघा.