बोटीच्या पंख्याचा शाफ्ट बसवताना या चुका टाळा

1 जूनला मासेमारी बंद झाली की मिरकरवाड्यापासून देवगडपर्यंत बोटी वर ओढल्या जातात, आणि पडवीतल्या लेथवरही पंख्याच्या शाफ्टची कामं येतात. या दिवसांत घाईने केलेला टेपर, म्हणजे शाफ्टचं पंखा बसतो ते निमुळतं टोक, ऑगस्टमध्ये भर समुद्रात चावी (शाफ्ट आणि पंख्याच्या खाचेत बसणारी धातूची पट्टी) तोडतो. जोर टेपरने पेलायचा असतो. चावी फक्त सोबतीला.

आधी हबच्या (पंख्याचा मधला, शाफ्टवर बसणारा भाग) दोन्ही तोंडांचा व्यास आणि लांबी मोजा. 1:10 गृहीत धराल आणि पंखा 1:12 चा निघेल. 1:10 म्हणजे 100 मिमी लांबीत व्यास 10 मिमीने कमी. पूर्ण कोन 5 अंश 43 मिनिटं, पण कंपाउंड स्लाइड (लेथवरचा टूल धरणारा, कोनात फिरवता येणारा भाग) त्याच्या निम्म्यावर, 2 अंश 52 मिनिटांवर लावायची. इथेच बरेच शाफ्ट भंगारात जातात. टूलचं टोक सेंटरच्या वर-खाली राहिलं तर टेपर मधे किंचित खोलगट होतो.

चावी न घालता शाफ्टवर निळा रंग (कुठे टेकतं ते दाखवणारा) पातळ लावून हब बसवा. निदान 70 टक्के भागावर डाग हवा, मोठ्या टोकाला तर हवाच. फक्त बारीक टोकाला उमटला तर पंखा डुलणार. ग्राइंडिंग पेस्ट शेवटचा हात फिरवायला ठीक. चुकलेला कोन तिने सुधारत नाही, उलट मोठ्या टोकाला पायरी पडते.

हब जिथपर्यंत चढला तिथे खूण करा. चावी घातल्यावरही तो त्याच खुणेपर्यंत आला पाहिजे. अलीकडे अडला तर चावी वरून टेकते आहे. तिची उंची घासा, बाजू नको. चावीच्या खाचेचे तळातले कोपरे धारदार ठेवू नका. शाफ्टला तडा तिथूनच जातो.

स्टेनलेस 316 वर टूल नुसतं घासत राहिलं की पृष्ठभाग कडक होतो, पुढचा काप लागत नाही. फीड (टूल पुढे सरकणं) चालूच ठेवा. लांब शाफ्ट हेडस्टॉकच्या (लेथचा काम फिरवणारा भाग) मागून बाहेर आला असेल तर त्याला आधार दिल्याशिवाय मशीन चालू करू नका. मोकळं टोक वाकून चाबकासारखं फिरतं, माणूस जायबंदी होतो.

कपलिंगची (शाफ्ट आणि इंजिनाचा जोड) लाइन बोट किनाऱ्यावर असताना पक्की करू नका. पाण्यात गेल्यावर लाकडी सांगाडा आकार बदलतो. बोट उतरवून एक-दोन दिवसांनी दोन्ही तोंडांमधली फट चारही बाजूंनी फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) बघा: 100 मिमी व्यासाला 0.1 मिमीपेक्षा जास्त फरक नको.