जीमॅटची तयारी कशी करावी: चुकांच्या वहीपासून परीक्षेच्या दिवसापर्यंत

जीमॅट, म्हणजे एमबीएसारख्या व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठीची परीक्षा, द्यायची ठरली की बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात पुस्तकं जमवतात आणि रोज पन्नास-पन्नास प्रश्न सोडवायला बसतात. काही महिन्यांनी सोडवलेल्या प्रश्नांचा डोंगर झालेला असतो, गुण मात्र जागचे हललेले नसतात. असे विद्यार्थी मी जवळून पाहिले आहेत आणि त्यांची मेहनत कुठेही कमी नव्हती. प्रश्न चुकला की ते स्पष्टीकरण वाचायचे, 'हां, कळलं' म्हणायचे आणि पुढचा प्रश्न घ्यायचे. गुण अडतात ते इथे.

आधी परीक्षा नीट ओळखा

नोव्हेंबर २०२३ मध्ये परीक्षेचं नवं स्वरूप आलं आणि जानेवारी २०२४ अखेर जुनं बंद झालं. निबंध गेला, व्हर्बलमधली (इंग्रजी भाषेच्या विभागातली) वाक्यदुरुस्ती गेली, भूमितीही गेली. म्हणून कुणाची जुनी पुस्तकं मिळाली तर हे भाग सरळ सोडून द्या.

आता तीन विभाग आहेत आणि प्रत्येकाला ४५ मिनिटं मिळतात. क्वांटमध्ये (गणितात) २१ प्रश्न, व्हर्बलमध्ये २३ आणि डेटा इनसाइट्समध्ये (तक्ते, आलेख अशा माहितीवरच्या प्रश्नांत) २०. विभागांचा क्रम तुम्हीच ठरवायचा आणि मध्ये हवी तर दहा मिनिटांची एक सुट्टी घ्यायची. कॅल्क्युलेटर फक्त डेटा इनसाइट्समध्ये, तोही पडद्यावरचा. एकूण गुण २०५ ते ८०५ या पट्टीवर मिळतात आणि तिन्ही विभागांचं वजन सारखं असतं. जुन्या ७०० गुणांची बरोबरी साधारण नव्या ६४५ शी होते, हे लक्षात ठेवा. नाहीतर जुने आकडे ऐकून उगाच धास्ती बसते.

पहिली सराव चाचणी लगेच द्या

अधिकृत संकेतस्थळावर दोन पूर्ण सराव चाचण्या मोफत मिळतात. त्यातली एक अभ्यास सुरू करण्यापूर्वीच, घड्याळ लावून, एका बैठकीत द्या. गुण कमी येतील, येऊ द्या. कुठला विभाग कच्चा आहे हे त्या सव्वादोन तासांत जेवढं कळतं, तेवढं महिनाभर चाचपडूनही कळत नाही. दुसरी चाचणी मात्र शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवा.

पाया, मग वही

क्वांटला अंकगणित आणि बीजगणित लागतं. टक्केवारी, गुणोत्तर, वेग-वेळ-अंतर, विभाज्यता, असमानता: शाळेतलंच गणित, पण हाताने आणि वेगाने. व्हर्बलमध्ये उताऱ्यावरचे प्रश्न असतात आणि युक्तिवादाची चिकित्सा असते. व्याकरणाच्या नियमांची घोकंपट्टी आता लागत नाही.

पाया घालायला महिना-दीड महिना द्या आणि पहिल्या दिवसापासून चुकांची वही ठेवा. त्यात प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे तीन गोष्टी लिहायच्या: मी काय विचार केला, तो नेमका कुठे घसरला आणि पुढच्या वेळी कोणत्या खुणेवरून सावध होईन. 'निष्काळजीपणा' हा शब्द वहीत येऊ देऊ नका, कारण त्यातून पुढे काय करायचं ते काहीच कळत नाही.

एक उदाहरण घेऊ. डेटा सफिशियन्सी हा प्रकार आता डेटा इनसाइट्समध्ये येतो. त्यात उत्तर काढायचं नसतं, दिलेली माहिती उत्तर काढायला पुरेशी आहे का, ते ठरवायचं असतं. समजा प्रश्न असा आहे: गोदामात ५ किलोच्या आणि ७ किलोच्या काही पिशव्या आहेत, तर ५ किलोच्या किती? विधान एक: एकूण वजन ३१ किलो. विधान दोन: एकूण पिशव्या ५.

दोन अज्ञात संख्या, दोन समीकरणं, म्हणजे दोन्ही विधानं हवीत, असं चटकन वाटतं. पण पिशव्या अर्ध्या-पाऊण नसतात. ७ किलोच्या पिशव्या शून्य, एक, दोन, तीन, चार अशा धरून पाहा. ३१ मधून ७, १४ किंवा २८ वजा केले तर उरलेल्याला ५ ने भाग जात नाही, ३१ लाही जात नाही. २१ वजा केले की मात्र १० उरतात. म्हणजे ७ किलोच्या तीन आणि ५ किलोच्या दोन, दुसरी शक्यताच नाही. पहिलं विधान एकटंच पुरेसं आहे. दुसरं विधान एकट्याने पुरत नाही.

हा प्रश्न चुकला तर वहीत लिहायचं: 'समीकरणं मोजली, पूर्णांकाची अट पाहिली नाही. खूण: माणसं, पिशव्या, तिकिटं अशी मोजायची वस्तू आली की किमती घालून पाहायच्या.' अशा वीस-पंचवीस नोंदी झाल्या की त्याच तीन-चार सवयी पुन्हापुन्हा दिसू लागतात आणि खरा अभ्यास तिथून सुरू होतो. नोंदवलेले प्रश्न दहा दिवसांनी, उत्तर झाकून, पुन्हा सोडवा.

युक्तिवादाच्या प्रश्नांनाही हेच लागू. 'सायकलमार्ग झाले, अपघात घटले, म्हणजे मार्गांमुळेच घटले' असं विधान आलं की आधी निष्कर्ष शोधा, मग न बोललेलं गृहीतक. त्याच काळात वाहनांची वेगमर्यादाही कमी केली असेल तर युक्तिवाद कमजोर होतो. पर्याय वाचण्याआधी हे गृहीतक स्वतःच्या शब्दांत मांडायची सवय लावा.

प्रश्न सोडून द्यायला शिका

चांगल्या विद्यार्थ्यांना हेच सगळ्यात जड जातं. क्वांटमध्ये सात प्रश्नांना १५ मिनिटं असा हिशेब ठेवा. व्हर्बलला प्रश्नामागे दोन मिनिटांहून किंचित कमी वेळ मिळतो. तीन मिनिटं होऊनही वाट दिसत नसेल तर अंदाजाने पर्याय निवडा, प्रश्नावर खूण करा आणि पुढे चला. विभागाचे सगळे प्रश्न झाल्यावर वेळ उरला तर मागे जाऊन तीन उत्तरांपर्यंत बदलता येतात. उत्तर न देता राहिलेल्या प्रश्नांचा मात्र गुणांना चांगलाच फटका बसतो, म्हणून शेवटचे प्रश्न कोरे ठेवू नका.

शेवटचे तीन-चार आठवडे

आठवड्याला एकच पूर्ण चाचणी द्या, प्रत्यक्ष परीक्षेची जी वेळ असेल त्याच वेळेला. विभागांचा क्रम इथेच पक्का करा. चाचणीनंतरचे दोन दिवस फक्त तिच्या चिरफाडीसाठी ठेवा. लागोपाठ चाचण्या देणाऱ्यांचे गुण बहुधा थकव्याने खाली येतात.

परीक्षेची तारीख अर्जाच्या मुदतीला चिकटून घेऊ नका. पुन्हा द्यावी लागली तर मध्ये किमान १६ दिवस जावे लागतात आणि १२ महिन्यांत पाचच वेळा बसता येतं. गुण पाच वर्षं ग्राह्य असतात, त्यामुळे प्रवेशाच्या आदल्या वर्षीच परीक्षा उरकली तरी काही बिघडत नाही. परीक्षेच्या दिवशी ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव अक्षरशः सारखं हवं. ते आजच तपासून ठेवा.